हात चालेल का? पक्षाघात, मेंदूचित्रण आणि तिसऱ्या दिवसाची परीक्षा

पक्षाघाताचा रुग्ण चिकित्सालयात आणला जातो तेव्हा नातेवाइकांच्या हातात बहुधा एक मोठा लिफाफा असतो. त्यात सी.टी. स्कॅनची किंवा एम.आर.आय.ची फिल्म असते आणि सोबत इंग्रजी अहवाल असतो. वैद्य फिल्म उजेडासमोर धरतात, डाग कोणत्या बाजूला आहे ते पाहतात, अहवालाची शेवटची ओळ वाचतात आणि लिफाफा परत देतात. त्यानंतर येणारा प्रश्न कोकणात असो वा विदर्भात, एकच असतो : हात चालेल का?

पायाविषयी हा प्रश्न इतक्या काकुळतीने विचारला जात नाही, कारण पाय पुष्कळदा वाटेवर येतो. काठीच्या आधाराने का होईना, काही आठवड्यांत रुग्ण घरातल्या घरात फिरू लागतो. हात मागे राहतो आणि हातातही बोटे सर्वांत मागे राहतात. याचे कारण रचनेत आहे. मिडल सेरेब्रल आर्टरीच्या क्षेत्रात चेहरा व हात यांचे नियंत्रण करणारा भाग येतो. पायाचा भाग मुख्यतः पुढच्या रोहिणीच्या क्षेत्रात येतो. शिवाय चालण्याची लय मस्तिष्कस्तंभ आणि मज्जारज्जू यांतील यंत्रणा पुष्कळ अंशी सांभाळून घेऊ शकतात. बटण लावणे, सुई ओवणे, नाडीवर तीन बोटे वेगवेगळ्या दाबाने ठेवणे, अशी बोटांची सुटी हालचाल मात्र कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टवाचून होत नाही. मोटर कॉर्टेक्समधून निघून इंटर्नल कॅप्सूलच्या मागील भागातून खाली उतरणारी ही मज्जातंतूंची जुडी आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

हाताच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेल्या तीन दशकांहून अधिक काळ मेंदूचित्रणाचा उपयोग होत आला आहे. घातग्रस्त हात हलताना मेंदूत काय घडते, हात सुधारत असताना ते चित्र कसे पालटते, आणि पहिल्याच आठवड्यात पुढचे काही सांगता येईल काय, हे संशोधकांपुढील प्रश्न होते. त्यांच्या कामातून जे हाती आले ते आपल्या व्यवसायाला फार जवळून भिडते. म्हणून त्याचा परिचय वैद्यबंधुभगिनींना आणि औषधालयचालकांना करून द्यावा, असे आम्हाला वाटले.

स्थिर चित्र आणि चालते चित्र

लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. चित्रण झाले. आजही पक्षाघातात सी.टी.चे पहिले काम रक्तस्राव आहे की नाही हे सांगण्याचे आहे. गुठळी विरघळवणारे औषध द्यावे की नाही, याचा निर्णय त्यावर ठरतो. हे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून तोंड वाकडे झालेला, हात लुळा पडलेला रुग्ण प्रथम आपल्या दारात आला, तर नस्य की शिरोबस्ती असा विचार करत बसण्याची ती वेळ नव्हे. त्याला सी.टी.ची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवणे हीच त्या घटकेची चिकित्सा होय.

परंतु सी.टी. काय किंवा साधा एम.आर.आय. काय, ही स्थिर चित्रे आहेत. कोणता भाग मृत झाला हे त्यांत दिसते. जो भाग जिवंत आहे तो काय करतो आहे हे दिसत नाही. हात हलवताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, हे पाहण्याचा पक्षाघातातील एक आरंभीचा प्रयत्न लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पी.ई.टी. स्कॅनच्या साहाय्याने झाला व १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक फ्रान्स्वा शोले हे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ. (आडनाव वाचून कोणी हसू नये, त्यांचा उल्लेख पुढेही यायचा आहे.) पक्षाघातातून सावरलेल्या मोजक्या रुग्णांना अंगठा बोटांना लावण्यास सांगून त्या वेळी मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्यात आला. चांगल्या हाताच्या हालचालीत अपेक्षेप्रमाणे विरुद्ध बाजूचा मोटर कॉर्टेक्स जागा झाला. सावरलेला हात हलताना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह वाढलेला आढळला. त्यावरून निरोगी बाजू घातग्रस्त बाजूचे काम उचलते, असा एक सुखद समज रूढ झाला.

याच सुमारास, १९९० मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी दुसरी वाट दाखवली. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे वागते, हे लायनस पॉलिंग यांनी १९३६ सालीच दाखवले होते. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथे गरजेपेक्षाही जास्त रक्त धावते. परिणामी प्राणवायुरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण तेथे घटते आणि एम.आर.आय.चा संदेश किंचित वाढतो. हीच फंक्शनल एम.आर.आय. यात किरणोत्सारी द्रव्य टोचावे लागत नसल्याने तोच रुग्ण पुनःपुन्हा तपासता येऊ लागला, आणि सुधारणेचा मागोवा घेणे खऱ्या अर्थाने शक्य झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या रंगीत चित्रांतील लाल-पिवळे ठिपके म्हणजे मेंदूचे छायाचित्र नव्हे. रक्तप्रवाहातील अल्पशा फरकावरून गणिताने काढलेले ते अनुमान असते. ज्या रुग्णाच्या रोहिण्याच कठीण झाल्या आहेत त्याच्यात रक्त धावण्याची रीतही बदललेली असते. त्यातून ज्याचा हात मुळीच हलत नाही, त्याला यंत्रात झोपवून हात हलवावयास सांगितले तर मोजायचे तरी काय? ज्या रुग्णाविषयी उत्तराची सर्वांत अधिक गरज, तोच या परीक्षेस सर्वांत कमी योग्य, अशी ही अडचण आहे.

लंडनमधील निक वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीतून बऱ्यापैकी वाट काढली. रुग्णाने मूठ आवळायची, पण ती त्याच्या स्वतःच्या कमाल शक्तीच्या ठरावीक प्रमाणात, म्हणजे दुबळ्याचे आणि सबळाचे श्रम सारखे राहतील. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन अभ्यासांनी पूर्वीच्या सुखद समजाला धक्का दिला. ज्यांचा हात चांगला सावरला होता त्यांचे चित्र निरोगी माणसासारखे, एका बाजूपुरते आटोपशीर होते. ज्यांचा हात दुबळाच राहिला होता, त्यांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना पुष्कळ ठिकाणी ठिपके उमटत होते. तेच रुग्ण काही महिने पुनःपुन्हा तपासले असता आरंभी सर्वत्र पेटलेले दिवे हात सुधारत जाईल तसे मालवत गेले आणि काम पुन्हा मूळ जागी एकवटले.

म्हणजे चित्रात जितके रंग अधिक, तितकी हाताची ओढाताण अधिक. दिंडीदरवाजा बंद झाला की माणसे परसदारातून, खिडकीतून, गवाक्षातून ये-जा करू लागतात. त्या गर्दीला भरभराट समजू नये, तसेच हे आहे. ही परसदारे अगदी निरुपयोगी असतात असेही नाही. निरोगी बाजूच्या प्रीमोटर कॉर्टेक्सच्या कामात क्षणभर व्यत्यय आणला तर दुबळ्या हाताची प्रतिक्रिया मंदावते, आणि ज्यांचा हात अधिक दुबळा त्यांच्यात ती अधिक मंदावते, असे २००२ साली दाखवले गेले आहे. तरीही मूळ वाट वाचली असेल तर मेंदू तिकडेच परततो, हा वॉर्ड यांच्या कामाचा अर्थ टिकून राहिला आहे. एखाद्या उपचारानंतर मेंदू 'अधिक उजळला' अशी चित्रे दाखवून कोणी यंत्र किंवा औषध विकू पाहील, तेव्हा वाचकांनी हा अभ्यास अवश्य आठवावा.

डाग लहान, घात मोठा

तर मग प्रश्न मूळ वाटेचा. फिल्मवरील डागाचा आकार आणि हाताची दशा यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर तळहाताएवढा डाग असलेला रुग्ण सहा महिन्यांनी पेला उचलतो, आणि वाटाण्याएवढा डाग असलेल्याची मूठ उघडत नाही. तो वाटाणा इंटर्नल कॅप्सूलच्या मागील भागात असला की कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टचे सारे तंतू तेथे दाटीने एकत्र आल्यामुळे एकदमच कापले जातात. नदीच्या पात्रात कोठेही पडलेला दगड आणि कालव्याच्या मुखाशी पडलेला दगड यांत जो फरक, तोच येथे आहे.

ही जुडी पाहण्याची युक्ती पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडली. तिला डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग म्हणतात. पाण्याचे कण मज्जातंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकताना अडतात. एम.आर.आय.मध्ये हा फरक मोजता येतो. जुडी शाबूत असेल तर पाण्याची ओढ एका दिशेने असते; तंतू नष्ट झाले की ती विस्कळीत होते. दोन्ही बाजूंच्या इंटर्नल कॅप्सूलची तुलना करून घातग्रस्त बाजूची हानी आकड्यात मांडता येते.

याहून सरळ अशी आणखी एक परीक्षा आहे. ती चित्रण नव्हे, पण त्याच वाटेची चौकशी करते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी १९८५ साली दाखवलेली ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, अर्थात टी.एम.एस. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय झटका देऊन मोटर कॉर्टेक्स उद्दीपित करायचा आणि हाताच्या स्नायूत विद्युत्संदेश पोहोचतो का ते पाहायचे. हात डोळ्यांना निश्चल दिसत असूनही संदेश पोहोचला, तर वाट जिवंत आहे. वरून कोरड्या दिसणाऱ्या विहिरीत झरा आहे की नाही, हे कळावे तसे.

यंत्राकडून पुन्हा हाताकडे

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे कॅथी स्टिनिअर आणि सहकाऱ्यांनी या साऱ्या साधनांची एक क्रमवार पद्धती बसवली व २०१२ साली प्रसिद्ध केली. तिचे नाव प्रेप. तिसऱ्या दिवशी रुग्णाच्या हाताची साधी परीक्षा, त्यात हात फार दुबळा आढळला तर टी.एम.एस., आणि तेथेही संदेश मिळाला नाही तर एम.आर.आय.वर इंटर्नल कॅप्सूलची तुलना, असा तिचा क्रम होता. त्यावरून तीन महिन्यांनंतर हात किती उपयोगी पडेल याचा अंदाज बांधायचा.

खरी गंमत यानंतर आहे. त्याच संशोधकांनी २०७ रुग्णांच्या माहितीवर ही पद्धती पुन्हा तपासली आणि २०१७ साली सुधारित प्रेप-२ प्रसिद्ध केली. तिच्यातून एम.आर.आय. गळला! चित्रणाच्या जागी पक्षाघाताच्या एकूण तीव्रतेचा गुणांक आला, जो रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून काढता येतो. चित्रणाने अंदाजात विशेष भर पडत नाही, असे त्यांना आढळले आणि त्यांनी ते सरळ काढून टाकले. स्वतः मांडलेल्या पद्धतीवर अशी कात्री चालवणारे संशोधक आम्हाला आदरणीय वाटतात.

प्रेप-२ ची पहिली पायरी प्रत्येक वैद्याने शिकून घ्यावी अशी आहे. तिला सेफ गुणांक म्हणतात. त्यात दोनच हालचाली पाहायच्या : खांद्यापासून हात बाजूला उचलणे आणि बोटे सरळ करून उघडणे. प्रत्येक हालचालीस शून्य ते पाच गुण. स्नायूचे आकुंचनही जाणवत नसेल तर शून्य. नुसते स्फुरण जाणवले तर एक. गुरुत्वाचा अडथळा काढल्यावर हालचाल झाली तर दोन. गुरुत्वाविरुद्ध झाली तर तीन. आपण केलेल्या विरोधासही पुरून उरली तर चार. संपूर्ण प्राकृत असेल तर पाच. दोहोंची बेरीज करायची. मूठ आवळणे यात मुद्दामच घेतलेले नाही. पक्षाघातात आवळण्याची ताकद आधी परतते, पण ती स्तंभाचा भागही असू शकते. बोटे स्वेच्छेने उघडणे ही मूळ वाट जिवंत असल्याची खूण आहे. मूठ घट्ट झाली म्हणून नातेवाईक आनंदतात, तेव्हा वैद्याने बोटे उघडतात का ते पाहावे.

तिसऱ्या दिवशी बेरीज पाच किंवा अधिक असेल आणि वय ८० पेक्षा कमी असेल, तर तीन महिन्यांत हात उत्तम सावरण्याची अपेक्षा ठेवावी. ८० वा त्याहून अधिक वयात 'उत्तम' म्हणण्यास आठ गुण लागतात. पाच ते सात असतील तर 'चांगला' म्हणावे. बेरीज पाचापेक्षा कमी असेल तेव्हा टी.एम.एस. लागते. संदेश पोहोचला तर हात 'चांगला' सावरेल. नाही पोहोचला तर, एकूण तीव्रता पाहून, 'मर्यादित' किंवा 'अत्यल्प'. हा अंदाज सुमारे ७५ टक्के रुग्णांत बरोबर ठरला, म्हणजे चारांतील एका रुग्णात चुकला, हेही विसरू नये.

नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दोन हालचालींवर आधारलेला आहे. दुसऱ्या दिवशी खांदा आणि बोटे यांत थोडी तरी हालचाल असलेल्यांना सहा महिन्यांनी हाताचे काही कौशल्य परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही हालचाली नसलेल्यांत ती २५ टक्के होती, आणि नवव्या दिवसापर्यंतही त्या आल्या नाहीत तर १४ टक्क्यांवर उतरली. दर्शन आणि स्पर्शन यांच्या बळावर, दोन मिनिटांत, कोणत्याही यंत्रावाचून केलेल्या परीक्षेचे हे सामर्थ्य आहे.

सुश्रुतसंहितेत पक्षाघाताची चिकित्सा सांगताना कोणता रुग्ण हाती घ्यावा हे आधी सांगितले आहे : ज्याचे गात्र अद्याप म्लान झालेले नाही, ज्यास वेदना जाणवतात, जो मनाने खंबीर आहे आणि ज्याच्यापाशी साधने आहेत. त्यानंतर स्नेहन, स्वेदन, मृदू शोधन, अनुवासन, आस्थापन, शिरोबस्ती असा क्रम देऊन तो तीन किंवा चार महिने आळस न करता चालवावा, असे चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे. साध्यासाध्यतेचा विचार निदानस्थानात स्वतंत्र आला आहे. सुश्रुतांना कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट ठाऊक होता, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. अशा ओढाताणीने ग्रंथाचा गौरव होत नाही. परंतु औषधापूर्वी गात्राची परीक्षा, परीक्षेवरून साध्यासाध्यता आणि चिकित्सेस कालमर्यादा, ही शिस्त ग्रंथात आहे. आपल्या आजच्या केसपेपरवर ती किती उरली आहे?

श्रेय कोणाचे?

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. कोपनहेगन येथील पक्षाघात अभ्यासात, ज्याचा हाताविषयीचा भाग १९९४ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की हात जितका सुधारायचा तितका ८० टक्के रुग्णांत पहिल्या तीन आठवड्यांत आणि ९५ टक्के रुग्णांत नऊ आठवड्यांत सुधारलेला होता. पुढे २००८ साली असा नियम मांडला गेला की वाट शाबूत असलेल्या रुग्णांत गमावलेल्या क्षमतेपैकी सुमारे ७० टक्के क्षमता तीन महिन्यांत परतते. या नियमामागील गणितावर २०१८-१९ मध्ये कठोर टीका झाली आणि ७० हा आकडा आता कोणी जपमाळेसारखा ओढत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत हात पुष्कळसा आपल्या गतीने सुधारतो, ही गोष्ट त्या टीकेतूनही शाबूत राहिली आहे.

दोन रुग्ण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावेत. पहिले ५८ वर्षांचे शिक्षक. तिसऱ्या दिवशी खांदा तीन, बोटे तीन, बेरीज सहा. बाराव्या दिवशी ते वैद्यांकडे आले. अभ्यंग, स्वेदन, बस्ती झाले, पोटात एकांगवीर रस दिला गेला, आणि तिसऱ्या महिन्यात ते फळ्यावर लिहू लागले. दुसऱ्या ६२ वर्षांच्या गृहिणी. पाचव्या महिन्यात आल्या, बोटांत हालचाल शून्य, मूठ घट्ट. त्यांच्यासाठी सहा महिने बृहत्वातचिंतामणी चालू राहिला. सुवर्णकल्पाचा खर्च घराने कसा पेलला ते घरालाच ठाऊक. हात होता तसाच राहिला. परिसंवादात पहिल्या रुग्णाचे छायाचित्र दाखवले जाते. दुसऱ्या रुग्णाविषयी कोणी बोलत नाही. पहिल्या हाताचे श्रेय औषधाला देण्यास आधार नाही, कारण बेरीज सहा असलेला हात तीन महिन्यांत सावरणे अपेक्षितच होते. आणि दुसऱ्या रुग्णाच्या अपयशाचा दोष औषधाला देण्याचेही कारण नाही; दोष आहे तो सहा महिने दिलेल्या आशेचा.

हे केवळ आपल्याच शास्त्रात घडते असे नाही. वर उल्लेखिलेले शोले यांनीच २०११ साली फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर फ्लुओक्सेटिन या मनोविकारावरील औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत हातापायांची सुधारणा अधिक झाली, असा निष्कर्ष निघाला. जगभर आशा पल्लवित झाली. पुढे ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर तेच औषध तपासले गेले. २०१८ साली आलेल्या निष्कर्षात रुग्णांच्या दैनंदिन कार्यक्षमतेत काहीही फरक आढळला नाही, उलट अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले आढळले. तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, काटेकोरपणे केलेल्या ११८ रुग्णांच्या प्रयोगाची ही गत, तर आपल्या दहा रुग्णांच्या 'अनुभवा'चे काय मोल धरावे, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

आयुर्वेदाला येथे काही काम नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. काम पुष्कळ आहे, फक्त त्याचे नाव बरोबर ठेवले पाहिजे. खांद्याची वेदना, वाढता स्तंभ, मलावष्टंभ, निद्रानाश, खचलेले मन, यांनी ग्रासलेला रुग्ण हाताचा सराव करूच शकत नाही. चरकांनी स्नेहयुक्त स्वेदन आणि विरेचन सांगितले ते अशाच शरीराला वळणावर आणण्यासाठी उपयोगी पडते, असा आमचा व्यवहार आहे. अभ्यंग-स्वेदनानंतरचा अर्धा तास हात सैल असतो. तो झोपेत न घालवता सरावात घालवावा. कारण हालचाल पुनःपुन्हा केल्यावाचून मेंदूत फेरबदल होत नाही, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. रँडॉल्फ नुडो यांनी १९९६ साली माकडांच्या मोटर कॉर्टेक्समध्ये छोटासा घात करून त्यांना लहान खळग्यांतून अन्नाचे कण उचलण्याचा सराव दिला. सराव मिळालेल्यांत घाताशेजारचा हाताचा भाग टिकला. सराव न मिळालेल्यांत घातापलीकडचा भागही हाताचे काम सोडून बसला. माणसांत अमेरिकेतील २२२ रुग्णांच्या प्रयोगात (२००६) चांगल्या हातावर दिवसभर मोजा चढवून दुबळ्या हाताकडून दोन आठवडे रोज कित्येक तास काम करवले गेले आणि त्याचा लाभ वर्षभर टिकला. मात्र त्यासाठी मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटे किमान दहा अंश तरी स्वतःहून उघडावी लागत. शून्य गुणांच्या हाताला मोजा चढवून रुग्णास छळू नये. तसेच पहिल्या २४ तासांत रुग्णाला अतिउत्साहाने वारंवार उठवून चालवण्याने हानी होते, असे २०१५ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसले. घाईचे मर्दन व व्यायामही त्या दिवसांत टाळावेत.

उपचार करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. घातग्रस्त हाताची संवेदना पुष्कळदा मंद असते. पिंडस्वेदाची पोटळी आपल्या हाताला सोसते म्हणून त्याच्या हाताला सोसेल असे नाही. भाजलेले त्याला कळतही नाही. आणि अभ्यंगाच्या वेळी परिचारकाने तो हात धरून रुग्णास उठवू नये, वर ताणू नये, कप्पीला बांधून ओढू नये. खांद्याचा सांधा आधीच सैल झालेला असतो. रक्त पातळ ठेवणारी व रक्तदाबाची चालू औषधे आपल्या उपचारासाठी बंद करणे तर सर्वथा अयोग्य.

औषधालयचालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगणे आवश्यक आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, मग ती दुकानाच्या पाटीवर असो वा तेलाच्या बाटलीवर. पण कायद्याहूनही महत्त्वाचे असे की पहिले तीन महिने रुग्णासाठी पुन्हा येत नाहीत. गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या मुलाने वडिलांसाठी तेल मागितले, तर तेल द्यावे आणि 'बोटे उघडतात का, व्यायाम कोण करवून घेते?' एवढे विचारावे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पक्षाघाताच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी घाताची तारीख, सेफ गुणांक, स्पर्शाची जाणीव आणि अहवालातील डागाची जागा, विशेषतः इंटर्नल कॅप्सूलचा उल्लेख आहे की नाही, हे लिहावे. तिसरा दिवस उलटून गेलेला असेल तर रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर स्नायुबलाची नोंद सापडते ती उतरवून घ्यावी. मग तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच परीक्षा. बेरीज पाचापेक्षा कमी असलेले, टी.एम.एस.ची सोय नसलेले रुग्ण आपल्याकडे सर्वाधिक असतात. तेथे नातेवाइकांना 'आज सांगता येत नाही, तीन आठवड्यांनी बोटे पाहून बोलू' असे म्हणावे. अशा नोंदी असलेले पंचवीस-तीस रुग्ण, सुधारलेले आणि न सुधारलेले दोन्ही, कोणी या त्रैमासिकाकडे पाठवले, तर अपेक्षेहून अधिक काही घडले का हे प्रथमच पाहता येईल.

आणि ज्यांचा हात 'मर्यादित' राहणार हे तीन महिन्यांनी स्पष्ट झाले, त्यांना औषधांची नवी यादी देण्याऐवजी शिकवण्यासारखे बरेच असते. मूठ रोज हलकेच उघडून धुवावी, कोरडी करावी, नखे कापावीत, तळव्यात मऊ कापडाची गुंडाळी ठेवावी. दुबळा हात कागदावर वजनासारखा ठेवून दुसऱ्या हाताने लिहिता येते, ताट धरून ठेवता येते, कोपराच्या खाचेत पिशवी अडकवता येते. सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालावा आणि काढताना चांगला हात आधी काढावा.